जड कणांची जागा

नागपुरात, मे महिन्यात, सकाळी सकाळी कुणी दार वाजवून "जरा पंखा बंद करता का?" असं विचारलं तर त्या माणसाला काय म्हणावं? मी नवी भाडेकरू होते. मनीषनगरातल्या त्या घराच्या वरच्या खोल्यांत माझं सामान अजून नीट लागलंही नव्हतं. दारात खुद्द घरमालक उभे. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली, चष्मा कपाळावर. मला वाटलं, पंख्याचा आवाज खाली जात असेल. तसं काही नव्हतं. "तुमच्याकडे ऊन चांगलं येते," असं म्हणत ते आत आले आणि माझ्या स्टुलावर बसले. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. घरमालक ती धूळ बघायला आले होते.

मी घामानं निथळतेय आणि हे बघतायत. मधेच त्यांनी पट्ट्यातून अलगद हात फिरवला, धूळ गर्रकन वळली, आणि ते मनापासून "हां!" म्हणाले. तेवढ्यात जिन्यातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवं पोरी, हाकलून दे त्यायले! लाजू नको. आधीचा भाडेकरू खिडकीले पेपर चिकटवून राहे." काकू वर आल्या त्या पोह्यांची बशी घेऊनच. नवऱ्याचा गुन्हा पोह्यांवर मिटवायची त्यांची जुनी पद्धत होती, हे मला पुढे कळलं. त्या घरात मी बरेच पोहे खाल्ले.

आता दोघंही नाहीत. घर विकलं गेलं, मीही दुसरीकडे राहायला गेले. घरमालकांबद्दल, म्हणजे आमच्या सरांबद्दल, कॉलेजात अजून गोष्टी निघतात आणि सगळे हसतात. मीही हसते. पण मला शेवटचं जे माहीत आहे ते त्यातल्या कुणाला माहीत नाही, आणि ते चहाच्या कपाबरोबर सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवते तिथेच सर मेकॅनिकलला होते. पाणी आणि हवा कशी वाहते, हा त्यांचा विषय. रिटायर झाले तरी डिपार्टमेंट त्यांना अधूनमधून लेक्चरला बोलवायचं, आणि लॅबमधला त्यांचा काचेचा हौद हलवायची कुणाची छाती नव्हती. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: खवळलेल्या प्रवाहात बारीक कण जातात कुठे? पाणी शांत वाहत असेल तर सांगणं सोपं. पण नदीला पूर आलाय, चिमणीतून धूर लोळतोय, वावटळ उठलीय, तेव्हा त्यातला एक कण कुठे जाईल? वर्गातले पोट्टे त्यांना वावटळ सर म्हणायचे. उगाच नाही. एप्रिलमध्ये कॉलेजच्या ग्राउंडवर धुळीचा भोवरा उठला की सर लेक्चर अर्धं टाकून, स्कूटरचा गॉगल लावून, त्यात जाऊन उभे राहत. परत येत तेव्हा भुवयांपर्यंत लाल माती. "चला, कुठं होतो आपण?" म्हणून फळ्याकडे वळत.

हौदात टाकायला त्यांना कण लागत. मोहरी, खसखस, राजगिरा, बारीक रवा. हे सगळं काकूंच्या डब्यांतून जाई. "माह्या घरात फोडणीले मोहरी नाही, आणि यायच्या हौदात पायलीभर," असं काकू म्हणायच्या. एकदा मी आपलं शहाणपण म्हणून म्हटलं की, सर, चहा ढवळला की पत्तीसुद्धा मधे गोळा होते, तसंच ना हे? ते इतके दुखावले की त्यांनी कपच खाली ठेवला. "ते बुडाशी घासून होते, मॅडम. ते वेगळं प्रकरण आहे. ते याच्यात नका आणू." त्यानंतर दोन-चार दिवस त्यांनी माझ्याकडे चहा घेतला नाही.

त्यांचा सिद्धांत मला पाठ झाला तो ऐकून ऐकून. सर म्हणत, अगदी बारीक कण प्रवाह नेईल तिकडे जातो, त्याला स्वतःचं काही मत नसतं. अगदी मोठा खडा कुणाला जुमानत नाही, तो आपल्या वाटेनं बुडतो. "गोची आहे ती मधल्यांची," असं म्हणून ते स्वतःच खूश होत. मधला कण प्रवाहात तर सापडतो, पण प्रवाह वळला की त्याला पटकन वळता येत नाही. मग भोवरा त्याला बाहेर फेकतो. असे सगळीकडचे फेकलेले कण जाऊन गोळा होतात ते भोवऱ्या-भोवऱ्यांच्या मधल्या शांत जागेत. "त्याला आम्ही जड कण म्हणतो. जड म्हणजे वजनदार नाही हो. जड म्हणजे ज्याला वळायला वेळ लागते तो." पुढे पुस्तकातलं गणित सुरू होई आणि मी भाजी जळाल्याचं निमित्त करून उठत असे.

काकू नागपूरबाहेरच्या खापरखेड्याच्या. त्यांचे वडील तिथल्या पॉवर हाउसमध्ये होते, कॉलनीत क्वार्टर होतं. सर तरुणपणी चिमणीतली राख कुठे कुठे पडते ते मोजायला तिथे जात. लोकांच्या गच्च्यांवर व्हॅसलिन फासलेल्या ताटल्या ठेवून येत, राख चिकटावी म्हणून. एका क्वार्टरच्या गच्चीवर जाऊन बघतात तर ताटल्या लखलखीत. महिन्याचं काम गेलं. त्या घरची मुलगी म्हणाली, "एवढ्या चिकट ताटल्या कोणी ठेवते का? मी घासून टाकल्या. जेवाले आले का तुमी?" सर जेवायला थांबले, आणि पुढे वडीलधाऱ्यांना पाठवून मागणी घातली. ही गोष्ट सांगताना काकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सर म्हणायचे, "माझा डेटा धुतला हिनं." मला वाटतं त्या दोघांच्या संसारात याहून मोठं भांडण झालंच नसावं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही.

काकूंचं विसरणं सुरू झालं ते मिठापासून. वरणात दोनदा मीठ. मग गॅस चालू. मग एका सकाळी पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "तू कोनाची वं, माय?" सर मागेच होते. ते म्हणाले, "ही वरची मॅडम," आणि मला म्हणाले, "तिला वळायला जरा वेळ लागते आता." डॉक्टरांनी त्या आजाराला लांबलचक नाव दिलं होतं. सरांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी बायकोला फक्त वळायला वेळ लागत होता, आणि ती काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हती.

मग ती दिवाळीच्या आधीची इतवारी बाजारातली फेरी. मला कुकर घ्यायचा होता, काकूंना पितळेचा डबा, म्हणून तिघं गेलो. भांड्यांच्या ओळीत मुंगी शिरायला जागा नाही. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर पराती घेतलेली माणसं, मागून हॉर्न. मी कुकरची शिट्टी बघतेय, सर दुकानदाराशी बोलतायत, आणि काकू नाहीत. माझा जीव गेला. मी "काकू! काकू!" करत गर्दीत घुसले, ढकलाढकलीत चप्पल तुटली. वळून बघते तर सर कापडाच्या दुकानाच्या पायऱ्या चढून, कमरेवर हात ठेवून गर्दीकडे बघत उभे. मी खालूनच ओरडले, "सर, तमाशा काय बघताय!"

"थांबा, मॅडम. बघू द्या." त्यांनी बोट दाखवलं. "ते हातगाडीवाले तिकडून येऊन राहिले. टेम्पो आडवा लागला. म्हणून माणसं इथं अशी गोल फिरून राहिली. हा एक भोवरा. तिकडं दुसरा. ती यात नाही टिकणार." ते उतरले, आणि दोन्ही लोंढ्यांच्या मधून तिरके चालत धान्याच्या दुकानाच्या कोपऱ्याशी गेले. तिथे विजेचा खांब आणि पोत्यांची थप्पी होती, आणि खरोखर तेवढ्या हातभर जागेत गर्दी नव्हती. एका पोत्यावर काकू बसल्या होत्या. दुकानदारानं दिलेले फुटाणे खात होत्या. "आले का?" त्या म्हणाल्या. "बसा न."

मी तिथल्या तिथे रडले. सरांना रडण्याशी कर्तव्य नव्हतं, ते त्या कोपऱ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी फळ्यावर इतवारीचा नकाशा काढला. मी म्हटलं, सर, योगायोग होता तो. "योगायोग एकदा होते," ते म्हणाले. पण मग ते पुन्हा झालं. भाजीबाजारात झालं, देवळाच्या जत्रेत झालं. दर वेळी सर गर्दीत न शोधता गर्दीमधली रिकामी जागा शोधत, आणि काकू तिथे शांत बसलेल्या असत. मलाही पटायला लागलं. शेजारपाजारचे सांगायचे, बाईला कुलपात ठेवा. सर ऐकत नसत. त्यांचा त्यांच्या शास्त्रावर भरवसा होता, आणि बायकोला कुलपात ठेवायचं त्यांच्या मनाला येतच नव्हतं.

आता तो 'जड' शब्द.

मार्च महिना असेल. सर अंगणात कूलर उघडून बसले होते, पंप खोललेला, तोंडात वायर. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, मी त्यांच्याशेजारी. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. मला नावानं हाक मारली, माझ्या आईची तब्येत विचारली. आदल्या दिवशी त्या पुन्हा कुठेतरी निघून गेल्या होत्या आणि त्यांना आणून सोडताना एक शेजारीण त्यांच्या तोंडावर काहीतरी बोलून गेली होती. ते मनात राहिलं असावं. सुपातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "अहो, मी तुमाले जड झाली का?"

सर पंपात बघत होते. तोंडातली वायर काढून ते म्हणाले, "जड तं आहेच तू. म्हणून तं सापडते न." आणि वायर परत तोंडात.

काकूंचा हात सुपात थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर ऊन बघायला वर आले तेव्हा मी दारातच अडवलं. माझा स्वभाव तापट आहे, त्यात मी रात्रभर धुमसत होते. "सर, तुम्हाला कळतं का काय बोललात ते? बाई विचारतेय मी ओझं झाले का, आणि तुम्ही सरळ हो म्हणालात!"

"मी असं कुठं म्हटलं? मी म्हटलं, जड आहे म्हणून..." आणि ते थांबले. खरं सांगते, एवढा शिकलेला माणूस, जन्मभर मराठी बोललेला, पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना त्या क्षणी माझ्या उंबऱ्यात उभं राहून ऐकू आला. त्यांचा चेहरा उतरला. जिना ते असे उतरले की मला वाटलं पडतात आता. मग खालून आवाज आला, "ऐक न. काल मी तुले जड म्हटलं न, त्याचा अर्थ असा नाही..." आणि काकूंचा आवाज, "काय म्हटलं काल? भाजी कोनती करू?"

त्यानंतर सर रोज काकूंना समजावत. कधी जेवताना, कधी त्यांच्या केसांना तेल लावून देताना, पहिल्यापासून सांगत: भोवरा, वळणं, फेकलं जाणं, शांत जागा. "जड म्हणजे चांगलं. जड नसती तं मले सापडली नसती." काकू म्हणत, "हव." तो होकार कशाचा, हे सरांना कळायचं नाही. मलाही कळायचं नाही. एखाद्या दिवशी त्या मधेच हसत, एखाद्या दिवशी ऐकता ऐकता झोपी जात. वर्गातून सरांनी तो शब्दच काढून टाकला. "ज्यांना वळायला वेळ लागते ते कण" असं लांबण लावून म्हणत. परीक्षेनंतर एका पोट्ट्यानं "सर, पेपर जड गेला" म्हटलं, तर त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं घाबरून सॉरी म्हणालं.

त्याच उन्हाळ्यात, नवतपा सुरू असताना, काकू घरातून गेल्या. नवतपा म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मे संपतानाच्या त्या नऊ दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सर आंघोळीला गेले होते, कूलरच्या आवाजात दाराची कडी ऐकू आली नाही. कोपऱ्यावरचा ऑटोवाला म्हणाला, "मावशीले इतवारीत सोडलं. भांडे घ्याचे आहेत म्हणे." सरांनी मला कॉलेजातून बोलावून घेतलं, आणि आम्ही इतवारीत गेलो.

सर थेट त्या पोत्यांच्या थप्पीशी गेले. काकू नव्हत्या. मग पुढचा कोपरा. मग त्याच्या पुढचा. मी पोलिसांत कळवलं, दुकानादुकानात फोटो दाखवला. सर मात्र पायऱ्या चढत, गर्दी बघत, उतरत, शांत जागेशी जात. त्या उन्हात गर्दी तरी कुठली? बाजार अर्धा ओस. मी म्हटलं, "सर, आज इथे भोवरेच नाहीत, सगळीच जागा शांत आहे." ते म्हणाले, "म्हणून तर वेळ लागून राहिला." त्यांच्या ओठांना पापुद्रे आले होते. मी पाणी दिलं तर बाटली हातात घेऊन तसेच पुढे गेले. "ती इथंच आहे, मॅडम. ती फार लांब नाही जात."

ती लांब गेली होती. लहानपणी खापरखेड्याहून बाजाराला इतवारीत यायचं आणि बाजार झाला की घरी जायचं, हे काकूंच्या पायांना ठाऊक होतं. इतवारी झाली, त्या घरी निघाल्या. तिथून कुठली तरी गाडी धरून कॉलनीत पोचल्या. वडिलांचं क्वार्टर बंद, खिडक्यांना फळ्या. त्या समोरच्या घराच्या ओट्यावर बसल्या. संध्याकाळी आम्हाला पोलिसांचा फोन आला तेव्हा त्या घरच्या बाईनं त्यांना दवाखान्यात नेलं होतं. ऊन डोक्यात गेलं होतं. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या.

सर रडले नाहीत. लोक येऊन गेले, तेरावं झालं, आणि मग एका सकाळी मी जिन्यातून हाक मारली, "सर, ऊन आलंय." ते वर आले नाहीत. खाली जाऊन बघते तर पलंगावर बसलेले. मला म्हणाले, "मॅडम, एक सांगा. तुम्ही होत्या ना तिथं. मी तो शब्द बोललो तेव्हा तिचं तोंड कसं झालं होतं?"

"सर, त्या तांदूळ निवडत होत्या. मला तोंड दिसलं नाही."

"तिनं घर काहून सोडलं?"

"आजार होता तो, सर."

"आजारी माणूस भटकते. ही भटकली नाही, पत्त्यावर गेली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नवऱ्याला जड झालेली बाई कुठं जाते? माहेरी जाते."

मी म्हटलं, असं काही नसतं, सर, त्या विसरल्या होत्या. ते म्हणाले, "सगळं विसरली, हे नसंल विसरली तर?" मग हे रोजचंच झालं. जेवणाचा डबा द्यायला गेले की तोच प्रश्न, भाजी आणून दिली की तोच प्रश्न. हौदाकडे ते फिरकले नाहीत. डिपार्टमेंटनं एक दिवस तो रिकामा केला, त्यात सायकली ठेवल्या. ते सांगितलं तर "बरं केलं" म्हणाले. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि त्याला हवं होतं ते एकच: तिला काय समजलं होतं? हे सांगू शकणारी एकटीच बाई गेली होती, आणि मला त्यांच्याबरोबर बसून नुसतं गप्प राहता येत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "सर, ज्या बाईनं काकूंना दवाखान्यात पोचवलं तिला आपण साधं भेटलोही नाही. साडी-चोळी तरी देऊन येऊ." ते नको म्हणाले. भीत होते. दिवाळी गेली, थंडी पडली, मग एका रविवारी स्वतःच आवरून गाडीपाशी येऊन उभे राहिले. बटणं सगळी बरोबर लावलेली होती. मला ते बघूनच कसंतरी झालं.

कॉलनीतली ती बाई तरुण होती, कडेवर मूल, नवरा प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. आम्हाला ओळखलं नाही, सांगितल्यावर एकदम तोंडाला पदर लावला. "अरे बाप्पा! त्या आईचे घरचे का तुमी?" खुर्च्या आणल्या, ओट्यावरच मांडल्या. समोर ते बंद क्वार्टर. मी साडी दिली, कुंकू लावलं. तिनं वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. चहा झाला. मला वाटलं आता उठतील, तर कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ती काही बोलली का तुमच्याशी?"

"बोलल्या न. भल्ल्या बोलल्या. मी पानी नेऊन देलं. म्हटलं, आई, अंदर चला, कूलर सुरू आहे, लू लागन तुमाले. तं नाही म्हणे. मी इथंच बसतो म्हणे. म्या म्हटलं, काहून? तं हासल्या." तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणे, मी जड आहो."

सरांनी खुर्चीचा हात धरला. वाटलं, कशाला आणलं मी यांना इथे.

"म्हणे, जड माणूस गर्दीत टिकत नाही, अशा शांत जागी येऊन पडते. माह्या घरच्यायले सारं मालूम आहे, ते बराबर येतात इथं. अंदर जाऊन बसली तं त्यायले दिसन कशी? मी फिरून गेली पानी घेऊन, तं तेच. म्हणे, येऊनच राहिले असतील. लय खुशीत होत्या हो. मले वाटलं, मालक मांगून येऊनच राहिले यायचे. म्हणून मी जास्ती जोर नाही देला."

सर माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत तो चेहरा मी बघितला नव्हता. "मॅडम," ते म्हणाले, "समजलं होतं तिला. बघा. सगळं समजलं होतं." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. मलाही रडू फुटलं, आनंदानंच. शब्द तिला लागला नव्हता. नवऱ्यानं आपल्याला ओझं म्हटलं असं समजून ती गेली नव्हती. एवढ्या विसरण्यातही त्याचं म्हणणं तिनं नेमकं धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या भरवशावर त्या उन्हात सावलीला न जाता बसून राहिली होती. हे शेवटचं माझ्या लक्षात आलं तेव्हा मी घाईनं सरांकडे बघितलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. हसू तोंडावर तसंच होतं, फक्त ते आता त्यांना काढता येत नव्हतं.

त्या बाईला यातलं काय ठाऊक? तिनं मुलाचं नाक पुसलं आणि सहज, खरोखर सहज विचारलं, "पण तुमी कुठी होते हो, काकाजी, त्या दिवशी?"

"इतवारीत," सर म्हणाले. "शोधून राहिलो होतो तिले."